दाजींच्या सहीला नागोयात मागणी

टोलेडो, रविवार

आदरणीय क्लाइड दाजींना व्हर्नाचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? ओपलताई फोनवर बरा म्हणते, पण ती तुमच्या बॅटिंगलाही बरी म्हणायची. आम्ही ठीक. मी सध्या सोफ्यावर झोपते.

कारण आमचा ड्वेन. पन्नाशीच्या घोड्याने काचेच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि बेसबॉलची कार्डं परदेशात विकायला काढली. (तीच, च्युइंगगमच्या पाकिटात खेळाडूंच्या फोटोची यायची ती. आम्ही गम खाऊन गप्प बसायचो.) माझ्या पलंगावर छतापर्यंत खोकी. म्हणतो, "आई, जगभर गिऱ्हाईक आहे." मी म्हटलं, "मग त्यातलं एखादं बोलाव आणि माझा पलंग मोकळा कर."

मंगळवारी एक आलंच. जपानातल्या नागोयाचे ओकुडा, तिकडे त्यांचं कार्डांचं दुकान आहे. सभ्य माणूस, बूट दारातच काढले (ड्वेनला हे अजून जमलेलं नाही). ड्वेनने प्लॅस्टिकमध्ये सीलबंद केलेले मोठमोठे खेळाडू पुढ्यात मांडले. ओकुडांनी मान डोलावली, कॉफी संपवली आणि विचारलं, "क्लाइड वोजिक आहेत का?" मला वाटलं, चेष्टा करतायत. तुमचं एकच कार्ड निघालं, ड्वेनने लहानपणी सायकलच्या चाकात चिमट्याने अडकवलेलं, फटफट वाजावं म्हणून. (चांगल्या खेळाडूचं कार्ड कोणी चाकात लावत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू.) ओकुडांनी ते दोन्ही हातांनी उचललं. म्हणाले, "हे हयात आहेत?" मी म्हटलं, "जेवताना तरी वाटतात."

आणि दाजी, तो माणूस माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून गायला लागला. तिकडे म्हणे प्रत्येक बॅटरचं आपलं गाणं असतं, तो मैदानात आला की अख्खं स्टेडियम ते म्हणतं. तुमचंही आहे. माझ्या पातेल्यावर लाकडी डाव बडवत त्यांनी ते शेवटपर्यंत म्हटलं. इथल्या संघाने हाकलल्यावर तुम्ही जपानात गेलात, तेव्हा आम्हाला वाटलं, बाकावर बसून भात खात असाल. दर थँक्सगिव्हिंगला आमच्याकडच्या जेवणात मी तुमच्या खेळाचा उद्धार करायचे आणि तुम्ही टर्की चावत बसायचात. गेल्या वर्षी तर ताट घेऊन गाडीत जाऊन बसलात. तोंड दिलंय ना देवाने? सांगायचं होतं.

ओकुडा म्हणतात, तुमच्या सहीची कार्डं दिली तर ते यापुढे दुकानात ड्वेनचाच माल ठेवतील. मग ड्वेन बाजारात गाळा घेईल आणि खोकी तिकडे जातील.

बाकी क्षेम. ताईला म्हणावं, गोड कमी खा.

तुमची मेहुणी (माझा इलाज नाही),
व्हर्ना

ता. क. ताई म्हणते, तुमच्या तळघरात तुमचीच कार्डं खोकंभर पडून आहेत. सगळ्यांवर सही करून थँक्सगिव्हिंगला घेऊन या. मी बोलले ते मागे घेत नाही. इथे तुमच्या बॅटला चेंडू लागत नव्हता तो नव्हताच. टर्कीची तंगडी मात्र तुमच्यासाठी काढून ठेवीन.

आणखी एक ता. क. माझ्या घरी पाऊल ठेवायचं नाही असं तुम्ही ठरवलंय म्हणे. हरकत नाही. मग सह्या नाहीत, म्हणजे माझी खोलीही रिकामी होत नाही, तेव्हा मीच तुमच्याकडे राहायला येते. ताईला विचारलंय. ती तुमची टीव्हीची खोली द्यायला तयार आहे.