बाबांचं झाड सोडून

चि. गेतां,

केस मी जिंकले. तू टोरांटोतला वकील. फोनवर म्हणालास, "ताई, त्यांची चूक सिद्ध होणार नाही, सोड." अरे, आपल्या क्यूबेकात शेजाऱ्याची चूक दाखवावी लागत नाही. नुकसान त्याच्यामुळेच झालं, एवढं मात्र दाखवावंच लागतं.

वरच्या अंगाला शेजाऱ्यांच्या डेपोत साठवलेलं, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायचं मीठ बर्फाच्या पाण्याबरोबर आपल्या बागेत उतरलं आणि ज्यांच्या रसाचा आपण पाक करतो ते मेपल वाळले. त्यांच्या वकिलाने विचारलं, "बाई, सगळी झाडं मिठानेच मेली?"

म्हटलं, "नाही. दारातलं बाबांचं झाड नाही. माझ्या भावाने लग्नाच्या वर्षी रसाच्या हावेपोटी त्याला चार नळ्या ठोकल्या, तेव्हापासून ते खंगत गेलं. त्याची भरपाई नको."

माझ्या वकिलाने कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाईंनी निकालात लिहिलं, की जी बाई स्वतःचं सगळ्यात मोठं झाड सोडते, तिचा बाकीच्या झाडांबद्दलचा शब्द खरा मानायला हवा. समोरचे सरपणाचा भाव देत होते. बाईंनी पुढच्या तीस वर्षांच्या रसाची भरपाई दिली.

हे पत्र मी टाकणार नाही. आजोबांचं झाड मिठाने मेलं, असं तू मुलांना सांगतोस. सांग बापड्या. शपथ मी घेतली होती, तू नाही.

तुझी ताई,
रोलांद