गल्लीचं माप

मंगळवार, संध्याकाळ

आज प्रभागाच्या सभेत मी चक्क बोलले. पालिकेचा निधी पोलीस चौकीला द्यायचा की आगीच्या लहान बंबाला, यावरून जुंपली होती. मागे शेजारच्या कमलताईंचं घर पेटलं, तेव्हा मोठा बंब गल्लीच्या तोंडाशीच अडकला. म्हणून सकाळीच शिवणकामाच्या टेपनं गल्ली मोजली होती. ते माप सभेत वाचून दाखवलं.

नगरसेवक म्हणाले, "ताई, चौकी नको का मग?"

"हवी की भाऊ. पण चोर आमच्या गल्लीत शिरतो, बंब शिरत नाही."

सगळे हसले, तेही. ठरावात बंब आधी आला. वर मंजूर होईल का? बघू.

चौकी मागे पडल्याची रुखरुख होती. मी चुकले का? पण बाहेर पडताना सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा एकटी घरी येणारी रेश्मा म्हणाली, "काकू, पुढच्या सभेत चौकीचं मी बोलते."