दोन सीटची गाडी आणि उलटा पंखा

मी, फ्लॉसी आग्नेल तुस्कानो, वय ५३, शिक्षण चौथी, राहणार उमेळे, ता. वसई, जि. पालघर, कोणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. सोमवारी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. बिघाड छातीत आहे, डोकं ठिकाणावर आहे. मागाहून कोणी शंका काढू नये.

१. राहतं घर मला आईकडून मिळालं. ते माझी मुलगी जेसिका हिला. माझा नवरा आग्नेल याने मरेपर्यंत त्यात राहावं. दुसरी बाई आणली तर त्याच दिवशी निघावं. कुठली बाई, ते खाली येतंच आहे.

२. आचोळ्याच्या गाळ्यात सतरा वर्षं मी पंख्यांच्या मोटरचं वाइंडिंग केलं. माझी सगळी हत्यारं जेसिकालाच. माझ्या भावांना देऊ नयेत, पकडीने नारळ सोलतील.

३. लाल, जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार माझ्या नावावर आहे, कारण ती माझ्या वाट्याची वाडी विकली त्या पैशातून आली. आग्नेल तिला रोज पुसतो. माझ्या पाठीला बाम लावायचा म्हटलं की त्याचा हात दुखतो. तरी गाडी त्यालाच द्यावी.

तिचं इंजिन थंड ठेवणारा मूळ पंखा गेला तेव्हा विजेचा बसवला. जोडणी मी केली, नीट केली. गाडी तापत नव्हती. मग एका रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर बघते तर माझ्या सीटवर नॅन्सी. कॉयरमध्ये गाते ती, आग्नेलच्या वारलेल्या मित्राची बायको.

आग्नेल म्हणाला, "फ्लॉसी, तिचे गुडघे दुखतात. तू रिक्षाने ये."

ती म्हणते, "राग नको हा बाय! हवा काय मस्त लागते गाडीत!"

माझे गुडघे काय उसने आणलेत?

त्याच दुपारी तो घोरत असताना मी पंख्याच्या दोन वायरी उलट जोडल्या. पंखा फिरतो, पण उलटा. बाहेरची हवा आत ओढायची सोडून इंजिनाची गरम हवा रेडिएटरवर ढकलतो. तेव्हापासून गाडी स्टेशनपर्यंत जाते आणि उकळते. दोघांचा चिंचोटीच्या धबधब्यावर जायचा बेत राहिला. नॅन्सी दोनदा रस्त्यात उन्हात उभी राहिली, मग रिक्षाने जाऊ लागली.

मेकॅनिक ऑस्करने थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप बदलला, रेडिएटर धुतला. मी विचारलं, "पंखा बघितलास?"

"फिरतोय की, आंटी! त्याला काय धाड भरलीय?"

मी त्याच्यापुढे चहा ठेवला.

४. मी मेले तर त्या दोन वायरींची अदलाबदल करावी. पंखा चालू करून पुढच्या जाळीवर कागद धरावा. चिकटला तर बरोबर, उडाला तर चूक. गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये. आग्नेल उतावळा आहे, तोंड भाजून घेईल.

नॅन्सीला वर्षभर तरी त्या सीटवर बसवू नये. पुढे मी काय बघायला येणार.

५. साक्षीदारांनी माझी सही बघून सही करावी, मजकूर वाचू नये. पाकीट जेसिकाकडे राहील, तिला तोंडीही सांगून ठेवलंय. मी चालत घरी आले तर न फोडता माझ्या हातात द्यावं. मग वायरींना कोणी हात लावायचा नाही. गाडी तापू दे.

सही: फ्लॉसी आ. तुस्कानो
साक्षीदार: १. आशालता नाईक, शेजारीण
२. विघ्नेश नाईक, तिचा मुलगा
उमेळे, १४ नोव्हेंबर २०२५