ठसका लागला नाही

३ फेब्रुवारी
एकवीस दिवसांनी सुलूला इस्पितळातून कोरगावला घरी आणली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण आज बायकोला हात लावायची भीती वाटली. नाकात नळी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मेंदूच्या देठाला मार बसलाय. श्वास, गिळणं, खोकला तिथूनच चालतं. फार जुना भाग. बेडकालाही असतो. तोंडातून काही देऊ नका. फुप्फुसात गेलं तरी ठसका लागणार नाही."
हे शेवटचं मी दोनदा विचारून घेतलं.

५ फेब्रु.
नळीतून पेज, दर तीन तासांनी. आधी नळी जागेवर आहे ना बघायचं. पाळी गावच्या खाणीवर तीस वर्षं ट्रक चालवला, तेव्हाही इतकं जपावं लागलं नाही.

९ फेब्रु.
सकाळी पोदेर पाव देऊन गेला. वासाने सु. जागी. जड जिभेने म्हणाली, "माका घोटभर चाय द्या."
"गिळण्याची तपासणी होऊ दे. मग."
तोंड भिंतीकडे केलं. मी आत उभ्यानेच चहा प्यालो. आवाज न करता.

१४ फेब्रु.
चूक माझीच. चहाचा कप आणि पावाचा तुकडा तिच्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवून अंघोळीला गेलो. परत आलो तर कप तिच्या हातात, रिकामा. पावाचा तुकडाही नाही. हसत होती. किती दिवसांनी.
"सरळ खाली गेली," म्हणाली.
कुठे गेली ते तिला कळत नाही, हेच तर...
ओरडलो तिच्यावर. मग मलाच रडू आलं. वास्कोला मुलीला फोन लावला.
"बाबा, ठसका लागला?"
"नाही."
"एकदाही नाही?"
"नाही."
तिने लगेच डॉक्टरबाईंना फोन करायला सांगितलं.
डॉ. बाई म्हणाल्या, ताप आला किंवा धाप लागली तर लगेच घेऊन या.

१४, दुपार
श्वास मिनिटाला अठरा. परत मोजले, बावीस. मधेच माझाच मोजत होतो की काय.

१५ फेब्रु.
ताप नव्याण्णव पॉइंट चार. गोधडीमुळे असेल. नसेलही. भावाकडून गाडी मागून आणली, दारात लावली. रिपोर्ट, कपडे पिशवीत भरले. सु. बघत होती.
"भियालात?"
हो म्हणालो. तिच्याशी खोटं कधी जमलं नाही.
तिने माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि थुंकी गिळली. बोटांखाली काहीतरी वर सरकलं, अडलं, मग खाली गेलं.
एवढं पुरेसं आहे का, मला कळत नाही. तिला घेऊन निघतो.