दहा हजार सात रोपं

प्रिय खुशबू,

फोन असताना बाबा पत्र कायले लिहून राहिला, म्हणून तू हसशील. हस. फोनवर दोनदा सांगायला घेतलं आणि दोन्ही वेळा तुझ्या आईच्या गुडघ्याचंच बोलत बसलो. गुडघा बरा आहे. इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं, उन्हाळी धानाची रोवणी सुरू आहे.

रोपवाटिकेत मात्र दिवस वाईट चालले आहेत. वरचे अधिकारी पाहणीला येणार होते. आमच्या साहेबांनी फर्मावलं, मोहाची सगळी रोपं एकाच चौकोनात सारख्या ओळींत लावा, अर्धी ओळ दिसता कामा नये. रजिस्टरला रोपं दहा हजार सात. मी आणि माझ्या जोडीला काम करणाऱ्या प्रेमिलाबाईंनी पन्नासाच्या ओळी लावल्या, सात उरली. एकोणपन्नासाच्या लावल्या, अकरा उरली. सत्तराच्या लावल्या तर शेवटच्या ओळीत तीन कमी. दोन दिवस पिशव्या उचलून कंबर धरली. भाऊ, हे रोपं आपल्याले खेळवून राहिले, असं बाई म्हणाल्या. साहेबांनी मात्र आम्हालाच कामचुकार ठरवलं.

पाहणीच्या दिवशी चौकोन सुरेख दिसला, शंभराच्या शंभर ओळी. फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी मोजणीत सात रोपं कमी भरली. रजिस्टर प्रेमिलाबाईंकडे असतं, म्हणून त्यांनीच कोणाला तरी दिली असं ठरवून साहेबांनी त्यांना कामावरून काढलं. मी मोजली तवा होती, एवढंच त्या बोलल्या आणि डबा उचलून गेल्या. त्यांचं घर त्याच रोजीवर चालतं.

दिवाळीत तू मला मूळ संख्या समजावत होतीस. कितीही मोठी असली तरी एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही म्हणालीस. त्यानं पोट भरते का, असं मी म्हणालो, आणि पुढच्या वर्षीची फी भरणार नाही हेही बोललो. तू ताटावरून उठलीस. आता मी कॅलेंडरच्या मागे दहा हजार सातचे भागाकार करत बसतो. एक मला आपोआप सुचलं. ओळ शंभरापेक्षा लांब केली की ओळींची संख्या शंभराच्या आत येते, म्हणजे तीच मांडणी आडवी. तेव्हा शंभराच्या पुढे तपासायची गरजच नाही. बरोबर आहे का? तेवीसपर्यंत भागून झालं, कशानंच भाग गेला नाही, पुढे हात चालत नाही.

खुशबू, ती सात रोपं मी काढली. पाहणीच्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आधी. फेकवली नाहीत, पंपाच्या खोलीमागे लावली. प्रेमिलाबाईंना काढलं तेव्हा मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो. सोमवारी साहेबांना सगळं सांगणार आहे. तू मला एका कागदावर शंभराच्या आतल्या पंचवीसही मूळ संख्यांचे भागाकार स्वच्छ लिहून पाठव. ही रोपं कोणत्याच ओळीत बसणारी नव्हती, कामात आमची कुचराई नव्हती, हे साहेबांना दिसलं पाहिजे. खाली तुझं नाव आणि वर्ग लिही. फीचं मी बोललो ते चुकलो. आता भरायचं मनात आहे, पण सोमवारनंतर माझंही काम राहील असं वाटत नाही. हे सगळं कळूनही तो कागद तू पाठव.

तुझाच बाबा,
सुकराम