इंजिनाची उत्तरपूजा

बाबा, एक गोष्ट तुम्हाला विचारायची राहूनच गेली. आता विचारून उपयोग नाही हे कळतं, तरी डोक्यातून जात नाही.

समुद्रपूरच्या जिनिंग कंपनीचं इंजिन तुम्ही चालवायचात. यंत्रांचे पट्टे पुरवणाऱ्या नागपूरच्या व्यापाऱ्यानं थकबाकीसाठी कंपनी बंद करायचा अर्ज कोर्टात लावला होता. मग एका लग्नाच्या मांडवात तो आणि कंपनीचे मालक शेठजी भेटले, भांडण मिटलं, एकमेकांना विडा दिला, झालं! वकिलांना सांगायचं मात्र दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. तारखेला त्याचा वकील उभा, आपल्याकडून कोणीच नाही, आणि कोर्टानं कंपनी गुंडाळायचा हुकूम देऊन टाकला. मी तेव्हा माहेरपणाला आले होते. गेटाला कुलूप लागायच्या आधी तुम्ही इंजिनाची उत्तरपूजा केलीत, विसर्जनाआधी गणपतीची करतात तशी. अक्षता वाहिल्या, मोठं चाक हातानं जरासं हलवलं आणि सगळ्या मजुरांसमोर हमसून रडलात. आजी गेली तेव्हाही तुम्हाला असं रडताना मी पाहिलं नव्हतं.

आणि मग एका सकाळी शेठजी पेढे घेऊन दारात! चूक कळल्यावर दोन्ही वकिलांनी कोर्टाला सांगितलं होतं, हुकूम रद्द झाला होता. "मिस्त्री, हुकूम झालाच नाई असं समजा. उद्या इंजिन लावा." मला हसू आलं, तर तुम्ही माझ्यावरच खेकसलात, "दात काऊन काढून राह्यली? झालाच नाई, मंग मी रडलो काऊन?" शेठजी पेढ्यांचा पुडा धरून उभेच राहिले.

तुम्ही कामावर जाईनात. उत्तरपूजा झालेल्याला पुन्हा हात कसा लावायचा, एवढंच म्हणायचात. दुसरा मिस्त्री आणायची भाषा सुरू झाली, तेव्हा आईनं नारळ तुमच्या हातात ठेवला. "कोर्टानं आपलं निस्तरलं, तुमी तुमचं निस्तरा. नव्यानं पूजा करा आन् लागा कामाले." गेलात. इंजिन लागलंही. पण पूर्वी त्याच्याशी बोलायचात, "चाल माय, चाल," ते पुन्हा कधी ऐकलं नाही. काऊन, बाबा? हेच विचारायचं होतं.

हे पत्र कुठं टाकायचं, मला समजत नाही. तुमचं दहावं, तेरवी, सगळं रीतसर झालं. तरी दारात कोणी पेढे घेऊन आलं, की अजूनही क्षणभर वाटतं, कोणीतरी कोणाला काही सांगायचं विसरलं होतं, आणि तुमचंही चुकूनच झालं.