साक्षीतली गळलेली ओळ

प्रिय मुनी,

या नावाने तुला हाक मारून अकरा वर्षं झाली. तू न्यायाधीश झालास त्या दिवशी मला कोर्टाच्या जिन्यात थांबवून सांगितलंस की आजपासून आपला चहा बंद, फोन बंद, समोर आलो तर फक्त मान हलवायची. मी तेव्हा हसले होते, पण तुझा नियम तुझ्याइतक्याच इमानाने पाळला. आज मोडते आहे. वकिलाने न्यायाधीशाला खटल्याबद्दल खासगी पत्र लिहायचं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको. तरी लिहिते आहे. का, ते शेवटी सांगेन, कारण अजून माझं मलाच पुरतं सुधरत नाही.

आपण दोघं शिकाऊ होतो तेव्हाचं वकीलसाहेबांचं ऑफिस आठवतं? एका पायाखाली कागदाची घडी घातलेलं ते डुगडुगतं टेबल? अशील रडून-ओरडून हकिकत सांगायचा, तू डोळे मिटून बसायचास आणि मी टेबलाखालून तुला लाथा घालायचे. एकदा साहेबांनी तुला पकडलंच. तू डोळे न उघडता त्या अशिलाचं सगळं बोलणं तारीखवार परत सांगितलंस, मधे आलेल्या त्याच्या दोन शिंकांसकट! त्या दिवशी साहेबांनी तुझं नाव मुनी ठेवलं आणि माझं चुळबुळ. लाथा मात्र मी कायमच्या थांबवल्या. माझा सगळा घोळ तिथून सुरू होतो बघ.

कुलूपवाल्याचा खटला तुला आठवत असेल. किल्ल्या बनवणारा, घड्याळांचं दुकान फोडून पहारेकऱ्याचं डोकं फोडल्याचा आरोप असलेला. समोरच्या इमारतीचा रखवालदार साक्षीला होता. कुलूपवाल्याची वकील म्हणून मी उलटतपासात विचारलं, चेहरा दिसला का, तर तो म्हणाला, चेहरा नाही दिसला, खांद्यावरच्या पिशवीवरून ओळखलं. यापेक्षा चांगलं उत्तर मला इतक्या वर्षांत कुणी दिलेलं नाही. आता तू ते तुझ्या शब्दांत टाइपिस्टबाईंना सांगायचंस, त्यांनी उतरवायचं, की झालं. तू काही बोललाच नाहीस. तुझे डोळे मिटलेले होते. बाई बोटं अधांतरी धरून तुझ्याकडे बघत राहिल्या, सरकारी वकील फायलीत चष्मा शोधत होते. कुलूपवाल्याने पिंजऱ्यातून मला खुणावलं, तर मी जवळ जाऊन त्याला सांगितलं, घाबरू नकोस, साहेब असेच ऐकतात. मग मी पुढचा प्रश्न विचारला, तू डोळे उघडलेस आणि त्याचं उत्तर अगदी नीट सांगितलंस.

वहिनी त्या महिन्यात हॉस्पिटलात होत्या, हे मला ठाऊक होतं. तू खुर्चीत बसून मिळेल तेवढ्या झोपेवर कोर्टात येत होतास, ते जिन्यात मान हलवताना दिसायचं. भर कोर्टात तुला जागं करणं माझ्याच्याने झालं नाही. आणि तू जागाच असतास तर? तर मी एका सरळ माणसाची अब्रू काढली असती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं आणि मी मूग गिळून बसले. संध्याकाळी टाइप झालेली साक्ष हातात आली, तीत ती ओळ नव्हती. म्हटलं, युक्तिवादाच्या वेळी बघू.

युक्तिवादात मी ते उत्तर सांगितलं तेव्हा तू सगळी पानं उलटून पाहिलीस, पुन्हा पाहिलीस आणि शांतपणे म्हणालास की असं रेकॉर्डवर नाही. तुझ्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. तिथे तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणाले, ठीक आहे. निकालात तू लिहिलंस की साक्षीदाराने आरोपीला स्पष्टपणे ओळखलं. सात वर्षांची शिक्षा! कधी वाटतं, तू झोपला होतास. कधी वाटतं, ऐकूनही फालतू म्हणून सोडून दिलंस, आणि यातलं जास्त वाईट कोणतं तेही ठरत नाही. एकदा तर वाटलं, रखवालदार तसं बोललाच नसेल, मलाच ऐकू यावंसं वाटलं असेल. तुझा राग येतो, मग तुझी काळजी वाटते, मग कुलूपवाला आठवतो आणि स्वतःची लाज वाटते.

परवा त्याला तुरुंगात भेटले. त्याचा तुझ्यावर राग नाही रे. त्याची समजूत अशी की साहेबांनी सगळं ऐकलं, तोललं आणि तरीही शिक्षा दिली, म्हणजे आपल्याच बोलण्यात काहीतरी कमी पडलं. ही समजूत मीच त्याला करून दिली होती. मग मी त्याला खरं सांगून टाकलं, तू कोण, मी कोण, सगळं. जाळीला बोट घासत त्याने एवढंच विचारलं की बाई, त्या दिवशी तुम्ही नक्की कुणाच्या वकील होतात?

त्याच्या अपिलासाठी मी वकीलपत्र सोडलं आहे. आता मी त्याची साक्षीदार. नव्या वकीलबाईंनी माझ्याकडे प्रतिज्ञापत्र मागितलं. पाच मसुदे फाडले. एकात तुला सांभाळत होते, दुसऱ्यात स्वतःला, बाकीच्यांत नुसतं ‘बहुधा’ आणि ‘माझ्या समजुतीप्रमाणे’. शेवटी म्हटलं, मुनीलाच सांगावं, त्याच्यासमोर मला कधी खोटं बोलता आलेलं नाही. म्हणून हे पत्र. ते मी पोस्टात टाकणार नाही. प्रतिज्ञापत्राला हेच जोडते आहे, चहा, शिंका, वहिनी, सगळ्यासकट, एक शब्द न खोडता. वरच्या कोर्टातले न्यायाधीश ते तुझ्याआधी वाचतील. तुझ्या हाती येईल ती पानांवर नंबर घातलेली नक्कल. त्या दिवशीच टेबलाखालून लाथ मारायला हवी होती रे. फार उशीर झाला, पण ही घे.

तुझीच,
चुळबुळ